उलट्या आट्याच्या शोधात

ज्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराच्या भट्ट्यांतून ओतीव लोखंडाचे अवजड भाग नित्य बाहेर पडतात, त्याच कोल्हापुरात बोटाच्या पेराएवढा एक स्क्रू मिळू नये आणि त्याच्यासाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठण्याची पाळी यावी, हे ऐकणारास अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु माझ्या छोट्या सुतारी कारखान्यातील विजेच्या ड्रिलने हा प्रसंग आणला खरा.

हा स्क्रू कसला, ते आधी सांगितले पाहिजे. ड्रिलचा चक स्पिंडलच्या टोकास उजव्या आट्याने बसविलेला असतो आणि भोक पाडताना येणारा प्रतिरोध त्यास अधिकच आवळतो. मात्र यंत्र उलट फिरविले की तोच प्रतिरोध चक उकलू पाहतो, म्हणून त्याच्या पोटात, जबड्यांच्या तळाशी, डाव्या आट्याचा एक स्क्रू दिलेला असतो, जो चकाच्या सुटण्याच्या दिशेनेच घट्ट होत जातो. हे मर्म ठाऊक नसलेला कोणीही तो नेहमीच्या स्क्रूप्रमाणे उकलावयास जातो आणि त्याचे डोके उडवितो. माझ्या यंत्रावर हा संस्कार ते माझ्याकडे येण्यापूर्वीच झालेला होता. कंपनीच्या स्थानिक मुखत्याराने ‘मॉडेल बंद’ असा जबाब देऊन प्रकरण निकालात काढले. उद्यमनगरातील एका मेस्त्रींनी लेथवर उलटे आटे पाडून देण्याची तयारी दाखविली, पण साध्या पोलादाचा तो स्क्रू पहिल्याच झटक्यात मान टाकील, हेही त्यांनीच प्रांजळपणे सांगितले. कारागिराच्या सचोटीचा असा दाखला मिळाल्यावर प्रवासाची तजवीज करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो, तेव्हा बाजार उघडण्यास अवकाश होता. तो वेळ क्रॉफर्ड मार्केटपाशी काढला. 1869 साली बांधून झालेल्या या मंडईला पुढे महात्मा ज्योतिबा फुल्यांचे नाव मिळाले, तरी टॅक्सीवाल्याच्या तोंडी क्रॉफर्डच राहिला आहे. प्रवेशद्वारावरील लॉकवुड किपलिंगची शिल्पे खालून जाणाऱ्या हमालांपैकी एकानेही मान वर करून पाहिली नाहीत, आणि डोक्यावर तेवढे ओझे असताना त्यांनी ती पाहावी अशी अपेक्षा करणेही अन्यायाचेच.

अब्दुल रहमान स्ट्रीटच्या गर्दीतून वाट काढीत नागदेवी स्ट्रीटवर पोहोचलो, की बेअरिंगे, टॅप, डाय, कानसी, नटबोल्ट यांचे साम्राज्य सुरू होते. पहिला अनुभव सुखद होता. ड्रिलच्या बेअरिंगवर 608 हा आकडा होता. तो उच्चारताच दुकानदाराने वर न पाहता पुडा पुढे सरकविला. आतला व्यास 8, बाहेरचा 22, जाडी 7 मिलिमीटर: जगातील कोणत्याही कारखान्याचे 608 घ्या, हीच मापे. कार्बन ब्रशांसाठी लोहार चाळीत डोकावलो. तेथेही अडले नाही. थोडा मोठा कार्बन पॉलिशपेपरवर घासून मापास आणता येतो, फक्त तो फाजील कठीण नको, नाहीतर कॉम्युटेटर झिजतो.

स्क्रूला मात्र ना नंबर, ना नाव. दुकानामागून दुकानात नकार मिळाला. काहींनी ‘दो सूत’ म्हणून पाव इंची स्क्रू काढून दिले. 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, तरी या पेठेत सुताची अमदानी अद्याप संपलेली नाही. दोन सूत म्हणजे 6.35 मिलिमीटर; दिसावयास जवळजवळ सारखे, पण 6 मिलिमीटरच्या आट्यात ते शिरणे शक्य नाही. एकाने तर चोरबाजारात जाऊन अख्खे जुने यंत्र उचलण्याचा सल्ला दिला.

अखेर एका बोळात, दोन माणसे शेजारी उभी राहू शकणार नाहीत अशा दुकानात, एका वृद्ध बोहरी शेटजींनी माझा मोडका नग हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि आट्यांना पिच गेज लावून निकाल दिला, ‘छे एमएम, एक की पिच, उलटी चूडी.’ कंपनीचे नाव त्यांनी विचारलेच नाही. मग वरच्या फळीवरील पत्र्याच्या डब्यांपैकी एक उतरवून कागदावर पालथा केला आणि त्या ढिगातून नेमके तेवढेच स्क्रू वेचले. सुट्या नगाला बिल मिळत नाही, हे त्यांनी आधीच बजावले. किंमत चहाच्या कपापेक्षा अधिक नव्हती.

एवढ्या एका नगासाठी दुरुस्त होऊ शकणारी यंत्रे भंगारात जातात, याचा दोष मी जुनेपणास देणार नाही. सुट्या भागांवर माप छापण्याचे कष्ट न घेणाऱ्यांस देईन. ज्यांना या वाटेने जावयाचे असेल त्यांनी रविवार टाळावा, मोडका भाग कितीही मोडका असला तरी बरोबर न्यावा, आणि मिळाल्यास एकाऐवजी चार घ्यावेत.