कविताआत्या
नवा कॉम्प्युटर लावायचा म्हणजे आधी त्याच्या अटी निमूट मान्य करायच्या. वाय-फाय जोडा, खातं काढा, पासवर्डात एक आकडा हवाच. मग अपडेट, तो ९९ टक्क्यांवर ठाण मांडून बसतो. एवढं चालतं, सवय झालीय. खरा वैताग जुन्या मराठी फायलींचा. बाबांच्या आठवणी उघडल्या तर नुसती रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम! तेव्हाचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट नाही तर मजकूर नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण डीटीपीवाल्यांना कोण सांगणार? आता कन्व्हर्टर चालवतेय. जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी मागच्या अक्षराला चिकटते. आमची कविताआत्या पानोपानी ‘किवताआत्या’ झालीय. बसलेय एकेक बदलत.