कडेची तीन बटणं

नोकिया ५१३० एक्सप्रेसम्युझिकच्या डाव्या कडेला तीन बटणं होती. मागचं गाणं, चालू-बंद, पुढचं गाणं. २००९ साली हा फोन बाजारात आला तेव्हा बरोबरच्या मुली त्याचा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा बघत होत्या. मी भुलले ती त्या बटणांना. तासगाव-सांगली एसटीत उभ्यानं जाताना एक हात दांडीला आणि दुसरा पर्समध्ये असायचा. बोटाला बटण बरोबर सापडायचं. फोन आला की गाणं थांबायचं, बोलणं संपलं की तिथूनच पुढे सुरू व्हायचं. गाणं ऐकायला डोळे लागत नव्हते. खिडकीबाहेरच्या द्राक्षबागा बघत सगळा रस्ता ऐकता यायचा. आजच्या गुळगुळीत काचेच्या फोनवर हे सुख नाही, आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते.

खोक्यातच एक जीबीचं कार्ड मिळालं होतं. एमपीथ्रीत कानाला फारसे जाणवणार नाहीत असे आवाज गाळलेले असतात, म्हणून साधारण मिनिटाला एक एमबी पुरतो. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे पाच एमबी, अख्ख्या कार्डात दोनशेच्या आसपास गाणी. मोबाईलच्या दुकानात पैसे देऊन गाणी भरून घ्यायची, नाहीतर ब्लूटूथवर मागायची. ‘नटरंग’ची गाणी आमच्या होस्टेलवर अशीच खोलीखोलीतून फिरली. दोन फोन कॉटवर शेजारी शेजारी ठेवायचे आणि पट्टी भरेपर्यंत गप्पा मारायच्या. ज्या मुलींशी एरवी बोलणं झालं नसतं, त्यांच्याशी ओळख झाली ती या वाट बघण्यात. कार्ड भरलं की नवं गाणं घ्यायला जुनं काढावं लागे. त्यामुळे उरलेलं प्रत्येक गाणं आपण ठेवलेलं असायचं. आज हवं ते गाणं क्षणात लागतं, पण ते माझ्याजवळ आहे असं वाटत नाही.

नोकरीला लागल्यावर मी नवा फोन घेतला आणि हा माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे गेला. त्याचं खरं आयुष्य तिथेच सुरू झालं असं मला वाटतं. शेतीच्या पंपाची लाईट आठवडा आठवडा रात्रीची असते. मध्यरात्री उसात दारं धरायला अण्णा एकटेच जायचे. शर्टाच्या खिशात फोन, आणि स्पीकरवर भीमसेनांचे अभंग नाहीतर प्रल्हाद शिंदे. हातात खोरं, पायात चिखल, स्क्रीन बघणार कोण? कडेचं बटण खिशावरून दाबलं की झालं. हेडफोन त्यांनी कानात कधी घातले नाहीत, पण वायर फोनला खोचलेली असायचीच, कारण एफएमची एरियल तीच. वायर गळ्यात लोंबतेय आणि रेडिओ स्पीकरवर वाजतोय, असे ते बांधावरून चालायचे. आईला घरी पडल्या पडल्या तो आवाज ऐकू यायचा. कुठल्या सरीपर्यंत पाणी पोचलं, हे तिला त्यावरून कळायचं.

पुढे कीपॅड झिजला, मग फोन चालूच होईना. त्याची बॅटरी मात्र बीएल-५सी, आणि बाजारातले कितीतरी छोटे स्पीकर याच बॅटरीवर चालतात. तसला एक मी आणून दिला. कार्ड तेच घातलं. मागच्या दिवाळीत अण्णांनी त्यात हरिपाठ भरून मागितला. अर्ध्या तासाचा हरिपाठ म्हणजे तीसेक एमबी, म्हणजे सहा गाण्यांची जागा. मी माझी होस्टेलची गाणी काढायला घेतली तर म्हणाले, “ती र्‍हाऊ दे गं, सवय झालीय त्यांची. दुसरं काय निघतंय का बघ.” यादी वाचून दाखवता दाखवता चार गाणी निघाली. उरलेल्या दोन गाण्यांवरून त्यांची आणि आईची अजून बोलणी चालू आहेत.