लुसियाची साक्ष

चि. मुग्धा हिस,


तुझं पत्र पोचलं. सरकार पक्षाचा भरवशाचा साक्षीदार ऐन उलटतपासणीत फितूर झाला आणि खटला ढासळला, हे वाचून वाईट वाटलं. ‘लोकांना सत्याची चाडच उरली नाही, आत्या,’ हे तुझं वाक्य मात्र मला पटलं नाही. वकीलबाईला उपदेश केला तर ती हरकत घेणार, म्हणून त्याऐवजी एका सिनेमाबद्दल लिहिते. नाव ‘येगारोन दे नोचे’, म्हणजे ‘ते रात्री आले’. २०२२ चा स्पॅनिश चित्रपट. दिग्दर्शक इमानोल उरिबे. हा गृहस्थ स्पेनमध्ये नावारूपाला आला, पण जन्मला सान साल्वादोरमध्ये, आणि त्याची ही गोष्टही तिथलीच.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या चिमुकल्या देशात लष्कर आणि डावे बंडखोर यांचं यादवी युद्ध बारा वर्षं चाललं. सुमारे पंचाहत्तर हजार माणसं त्यात गेली. नोव्हेंबर १९८९ मध्ये बंडखोरांनी थेट राजधानी सान साल्वादोरवर चढाई केली. तिथल्या जेझुइट पाद्र्यांच्या विद्यापीठाचे कुलगुरू फादर इग्नासियो एयाकुरिया दोन्ही बाजूंनी बोलणी करावीत म्हणून खटपट करत होते. त्यांचे सहकारी मार्तिन-बारो मानसशास्त्रज्ञ. लोकांना खरोखर काय वाटतं याच्या पाहण्या घेऊन ते छापत. आणखी एक सहकारी सेगुंदो मोंतेस युद्धाने देशोधडीला लागलेल्यांचा अभ्यास करत. लष्कराच्या लेखी ही सगळी मंडळी बंडखोरांचा मेंदू होती.

१६ नोव्हेंबरला, उजाडायच्या आत, आतलाकात्ल बटालियनचे सैनिक विद्यापीठात शिरले. याच बटालियनने १९८१ साली एल मोसोते गावी बायकापोरांसह शेकडो माणसं मारली होती. त्यांनी तिथे राहणाऱ्या सहाही जेझुइटांना गोळ्या घातल्या. एयाकुरियांना संपवा आणि साक्षीदार ठेवू नका, असा वरून हुकूम होता, हे पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्यशोधन आयोगाने नोंदवलं. शहरात गोळीबार चाललेला म्हणून स्वयंपाकीण एल्बा रामोस आणि तिची मुलगी सेलिना त्या रात्री तिथेच राहिल्या होत्या. साक्षीदार नको, म्हणून त्या मायलेकीही मारल्या गेल्या. जाताना सैनिकांनी, हे बंडखोरांचंच काम आहे, असा मजकूरही लिहून ठेवला.

तरीही एक साक्षीदार उरली. लुसिया सेर्ना ही जेझुइटांकडे झाडलोट करणारी बाई. तिच्या वस्तीत चकमकी सुरू झाल्या, म्हणून आदल्याच दिवशी नवरा खोर्खे आणि लहानग्या मुलीला घेऊन ती पाद्र्यांकडे आसरा मागायला आली होती. त्यांनी तिला शेजारचं रिकामं घर दिलं. त्या घराच्या खिडकीतून तिला गणवेशातली माणसं दिसली, आणि अन्यायाविरुद्ध ओरडणारा मार्तिन-बारोंचा आवाज तिने ओळखला.

आता कायद्याच्या दृष्टीने बघ. लुसियाने स्पॅनिश दूतावासात जबाब दिला. जिवाला धोका, म्हणून स्पेन आणि फ्रान्सच्या मदतीने कुटुंबाला विमानाने मायामीला हलवलं. तिथे ती जेझुइटांच्या हाती जायची, ती अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती गेली. एफबीआयने तिला हॉटेलात ठेवून दिवसेंदिवस प्रश्न विचारले, खोटं पकडणारं यंत्र लावलं, परत पाठवण्याची धमकी दिली. चौकशीला एल साल्वादोरच्या लष्कराचा एक लेफ्टनंट कर्नलही हजर होता. म्हणजे जिने सैनिकांवर बोट ठेवलं, तिची तपासणी करायला त्याच लष्कराचा माणूस! शेवटी लुसिया म्हणाली, मी काही पाहिलं नाही. सुटका होऊन जेझुइटांच्या आश्रयाला गेल्यावर मात्र ती पहिल्या जबाबावर परत आली. जानेवारी १९९० मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष क्रिस्तियानी यांना जाहीर करावं लागलं की खून लष्करातल्या माणसांनीच केले.

दूतावासात बोलली ती हीच बाई, मायामीत जबाबावरून फिरली तीही हीच, आणि पुन्हा ठाम उभी राहिली तीही हीच. मधल्या काळात बदललं एवढंच, की तिच्या पाठीशी कोण आहे. उरिबेने नेमकं हेच पकडलंय. हुतात्म्यांचं चरित्र करणं सोपं होतं. एयाकुरियांच्या भूमिकेला कारा एलेखाल्देसारखा कसलेला नट होता. पण कॅमेरा लुसियापाशी राहतो. तिची भूमिका करणाऱ्या ख्वाना आकोस्ताने तिला कुठेही वीरांगना केलेलं नाही. नवऱ्याचं काय होईल, पोरीचं काय होईल, हा हिशेब तिच्या तोंडावर सतत दिसतो. चौकशीचे प्रसंग आणि ती रात्र यांची गुंफण मधूनमधून विस्कळीत होते, आणि पाद्री जरा जास्तच गोड वाटतात. पण चौकशीच्या खोलीत सिनेमा कुठेच ढिला पडत नाही.

न्यायाचं काय झालं, तेही सांगते. १९९१ मध्ये एका कर्नलला आणि एका लेफ्टनंटला खुनाबद्दल दोषी ठरवलं. मार्च १९९३ मध्ये आयोगाचा अहवाल आला, आणि काही दिवसांतच माफीचा कायदा होऊन दोघेही सुटले. पुढे २०२० मध्ये माद्रिदच्या न्यायालयाने माजी कर्नल इनोसेंते मोंतानो याला १३३ वर्षांची शिक्षा सुनावली, पण ती मूळच्या स्पॅनिश असलेल्या पाच जेझुइटांच्या खुनांबद्दल. अमेरिकेने त्याला तेवढ्याच गुन्ह्यांसाठी स्पेनच्या स्वाधीन केलं होतं. सहावे फादर लोपेस एल साल्वादोरचे, एल्बा आणि सेलिनाही तिथल्याच. त्या तिघांचे खून न्यायालयाच्या निष्कर्षात आले, शिक्षेच्या हिशेबात आले नाहीत. या सगळ्या प्रकरणात स्वयंपाकिणीच्या जिवाला आणि झाडूवालीच्या शब्दाला किती भाव होता, हे एवढ्यावरून कळतं.

म्हणून म्हणते, तुझ्या साक्षीदाराला खोटारडा ठरवायची घाई करू नकोस. कोर्टातून बाहेर पडल्यावर तो कुठल्या गावात जातो, त्याची मजुरी कोणाच्या शेतावर चालते, त्याची पोरं कोणाच्या दारावरून शाळेत जातात, याची चौकशी खटल्याआधी कोणी केली होती का? साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्यता दिली आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, आणि तिचा सदस्य-सचिव तुमच्याच सरकार पक्षाचा प्रमुख. धाडसी माणसं शोधत बसण्यापेक्षा साध्या माणसाला खरं बोलणं परवडेल अशी सोय करणं, हे तुमचं काम आहे.

सिनेमा जरूर बघ. आणि पुढच्या खटल्यात साक्षीदाराचा जबाब वाचायला घेण्याआधी त्याच्या संरक्षणाचा अर्ज मार्गी लाव.

तुझी,
आत्या