दऱ्याखोऱ्या डॉट काय?

साताऱ्यातल्या एखाद्या ट्रेकिंग ग्रुपने ‘दऱ्याखोऱ्या’ नावाची वेबसाइट काढायचं ठरवलं, असं समजू. नियम सोपे आहेत. डॉट कॉममध्ये रोमन अक्षरं, आकडे आणि हायफन चालतात, हायफन सुरुवातीला वा शेवटी चालत नाही आणि दोन टिंबांमधला भाग जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा. नाव वैध ठरतं, मोकळंही असतं. पंचाईत होते ती पहिल्या फोनवर. पलीकडच्याने ‘र’साठी एकच ‘आर’ टाइप करायचा की दोन? ‘य’साठी नुसता ‘वाय’ की आधी ‘आय’? मध्ये ‘आडवी रेघ’ आहे म्हणून सांगावं, तर कुणीतरी अंडरस्कोअर मारतो, जो डोमेनमध्ये चालतच नाही. स्पेलिंग सांगावं लागणारं नाव शक्यतो टाळलेलंच बरं.

स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरून कोर्टकचेरीही झाली आहे. ‘रेडिफ’च्या नावात ‘ई’च्या जागी ‘ए’ घालून कुणीतरी डॉट कॉम घेतलं, तेव्हा १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल रेडिफच्या बाजूने दिला. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, हे मान्य केलं. म्हणून पैसे भरण्याआधी ट्रेडमार्कची नोंदवही चाळावी.

मग सरळ देवनागरीच का नको? २०१४ पासून डॉट भारत मिळतं. पण यंत्रणा आतून रोमनच राहिली. देवनागरी नावाचं ‘एक्स-एन’ आणि दोन हायफन यांनी सुरू होणारं रोमन रूप होतं, आणि तेच पुढे जातं. त्यात आपला ‘ऱ्य’ आडवा येतो. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. अशा डोमेन-नावांसाठीच्या २००३ च्या नियमांत ते जोडचिन्ह चक्क गाळलं जाई, म्हणजे सह्याद्रीतली दरी थेट समुद्रातल्या ‘दर्या’ला मिळे! शिवाय देवनागरी ईमेल पत्ता आजही कित्येक ऑनलाइन फॉर्म नाकारतात. तेव्हा देवनागरी नाव हौसेने घ्यावं, पण ते रोमन पत्त्याकडे वळवून ठेवावं.

आणि डोमेनचा सातबारा कुणाच्या नावावर, तेही पाहावं. (मालकी कसली, भाडेपट्टाच तो, एका वेळी फार तर १० वर्षांचा.) वेबसाइट करून देणारा मुलगा पुष्कळदा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर नोंदणी करून टाकतो. वर्षभराने तो नोकरीसाठी परगावी जातो आणि नूतनीकरणाची पत्रं त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहतात. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार थोडे दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतो. कधी नाव परस्पर लिलावातही काढतो. ते रद्दच झालं, तर जादा शुल्क भरून सोडवायला ३० दिवस मिळतात. मग ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही. सहाव्या दिवशी जो आधी मागेल त्याचं.