मोहर्लीची सुट्टी

वैशाखाचे ऊन तापू लागले आणि वार्षिक परीक्षेचे निकाल हाती पडले, म्हणजे मुलांच्या मुखी एकच शब्द खेळू लागतो : सुट्टी! परंतु हा एकच शब्द गावोगावी किती निरनिराळी रूपे धारण करतो! समुद्रकाठच्या मुलांची सुट्टी लाटांच्या गाजेबरोबर उगवते. रत्नागिरीकडच्या, मालवणकडच्या घरांत मुंबईची माणसे येतात आणि आढीतील आंब्यांचा घमघमाट माजघरात दाटतो. मुले सकाळ-संध्याकाळ वाळूत खेळतात. पण दुपारी त्यांनाही फणसाचे गरे काढावे लागतात, आमसुले उन्हात पसरावी लागतात, वाळत घातलेल्या आंब्याच्या साठांवरचे कावळे हाकलावे लागतात. तिकडे पाऊस लवकर येतो आणि धो धो कोसळतो. त्याच्या आधी घरची बेगमी झाली पाहिजे. म्हणून ती सुट्टी जितकी खेळाची, तितकीच बेगमीची असते.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात मोहर्ली नावाचे एक लहानसे गाव आहे. एका अंगाला इरई धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि दुसऱ्या अंगाला ताडोबाचे घनदाट अरण्य, अशा बेचक्यात ते वसले आहे. येथे लाटा नाहीत, वाळूचा किनारा नाही. येथे आहे ते विदर्भाचे ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. म्हणूनच राज्यातील इतर शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तर विदर्भातील शाळांची घंटा जूनच्या अखेरीस वाजते. एवढी लांबलचक सुट्टी मोहर्लीची मुले कशी घालवीत असतील बरे?

ते पाहावयाचे असेल, तर गावात पहाटे जावे. अजून तांबडे फुटावयाचे असते. एका कौलारू घरात चूल पेटलेली असते. काका खाकी गणवेश चढवून घाईघाईने चहा पितात; ते जंगलात पर्यटकांबरोबर वाटाड्या म्हणून जातात. आजी आणि आई टोपली, भाकरी अन् पाण्याचा डबा बांधून ठेवतात. सहावीतून सातवीत गेलेली नात डोळे चोळीत उठते. उजाडू लागते, तसे अंगणातून दोन वाटा फुटतात. एक वाट जंगलाच्या मोठ्या फाटकाकडे जाते. तेथे मुंबईपुण्याहून, नागपूरहून आलेली कुटुंबे उघड्या जीपगाड्यांत बसून फाटक उघडण्याची वाट पाहत असतात. दुसरी वाट गावाबाहेरच्या रानाकडे जाते. त्या वाटेने स्त्रियांचे घोळके पायी निघतात. जीपमधील मुले मनोमन म्हणत असतात, “आज वाघ दिसू दे!” पायवाटेवरील बाया मनोमन म्हणत असतात, “आज वाघ न दिसो!” एकाच पहाटे, एकाच अरण्याकडे, एकाच वाघासाठी अशा दोन उलट्या प्रार्थना निघतात, आणि गंमत अशी, की पुष्कळदा त्या दोन्ही एकाच घरातून निघतात.

ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली स्थापन झाले. महाराष्ट्रातील ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ साली त्याच्या शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प आकारास आला. उन्हाळ्यात झाडांची पाने झडतात, नाले आटतात आणि वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो; म्हणून अंगाची लाही होत असतानाही पाहुणे याच दिवसांत गर्दी करतात. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री तर काही हौशी माणसे पाणवठ्याकाठच्या मचाणावर जागत बसतात आणि चांदण्यात पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. काकांची मिळकत या पाहुण्यांवर चालते. वाघ दिसला, की पाहुणे खूष आणि काकांचाही दिवस सार्थकी लागतो.

आजीची मिळकत मात्र जुनी आहे. ती मोहाच्या झाडावर टांगलेली असते. मोहफुलांचा हंगाम सुट्टीच्या आधी, फाल्गुन-चैत्रातच येतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळू लागतात. पिवळसर, गरदार, मधासारखी गोड! शहरात मोहाचे नाव काढले, की लोकांना दारूच आठवते. पण या भागात वाळवलेली मोहफुले पिढ्यान् पिढ्या अन्न म्हणून खाल्ली गेली आहेत आणि मोहाच्या बियांच्या तेलावर भाज्या शिजल्या आहेत. या फुलांना वाटेकरी पुष्कळ. रात्री वटवाघळे येतात, अस्वल येते, चितळांचे कळप येतात. आजीचा नियम ठरलेला आहे : अंधार असेतो झाडाखाली जावयाचे नाही. रात्रीचा वाटा रानाचा, दिवसाचा वाटा माणसाचा.

आजीचा आणखी एक नियम आहे. फुले नीट दिसावीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याचा जुना प्रघात आहे. एक काडी ओढली, की काम झाले! परंतु ती ठिणगी वाऱ्यावर स्वार झाली, तर वणवा पेटतो आणि मोहाच्या कोवळ्या रोपांसह सारे रान होरपळून निघते. म्हणून आजी पाला जाळीत नाही, खराट्याने झाडते. कंबर दुखते, वेळ लागतो. पण नातीच्या नातीलाही मोह दिसावा, असे तिला वाटते.

मे महिना उजाडला, म्हणजे तेंदूच्या पानांचे दिवस येतात. तेंदू म्हणजे टेंभुर्णी. तिच्या पानांत तंबाखू गुंडाळून विड्या वळतात. हा हंगाम जेमतेम काही दिवसांचा. तेवढ्यात जितकी पाने तोडावीत, तितके पैसे. ऊन चढण्याच्या आत बाया पानांची ओझी घेऊन परततात आणि मग सारे घर ओसरीवर बसते. एकावर एक सत्तर पाने रचावयाची आणि सालीच्या दोरीने बांधावयाची. हा झाला एक पुडा. शंभर पुडे म्हणजे सात हजार पाने! नात पाने मोजते, धाकटा भाऊ दोऱ्या पुरवतो आणि आई गाठ मारते. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पाने विकत घेण्याच्या ठिकाणी न्यावयाचे. तेथे ते मोजून उन्हात वाळत ठेवतात. त्या पैशांतून खरिपाचे बियाणे येते, छत्री येते, नातीच्या वह्या येतात.

पण पानांसाठी खाली वाकावे लागते, आणि तेथेच जीवावरचा धोका असतो. वाकलेला माणूस झुडपाआडून वाघाला चौपायी जनावरासारखा दिसतो. २०२५ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेला याच चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राणाला मुकल्या. त्या बातमीने गावोगावच्या चुली थंडावल्या. तरीही दुसऱ्या पहाटे बाया रानाकडे निघाल्याच. कारण पाने थांबत नाहीत आणि पाऊसही थांबत नाही. म्हणून आजी नातीला पाने ओळखावयास शिकवते, त्याच्या आधी एक गोष्ट शिकवते : “आधी आवाज कर, मंग वाक. आन् एकटी कदी नोको जाऊ.”

एकदा काय झाले, काकांच्या जीपमध्ये मुंबईचे एक कुटुंब होते. दोन दिवस फिरूनही त्यांना वाघ दिसला नाही. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा अगदी हिरमुसला. काकांना वाईट वाटले. ते त्या सर्वांना आपल्या घरी पाणी प्यावयास घेऊन आले. ओसरीवर पानांचे ढीग पडले होते.

“तुला दिसला का गं वाघ?” मुलाने नातीला विचारले.

“नाई दिसला. बरं झालं,” ती पाने मोजता मोजता म्हणाली.

“बरं झालं? आम्ही एवढ्या लांबून त्याच्यासाठीच आलो!”

“माही आजी पानाले गेली होती ना.”

मुलगा गप्प झाला. त्याने आजीच्या काटे ओरखडलेल्या हातांकडे पाहिले. मग तो हळूच खाली बसला आणि पाने रचू लागला. बऱ्याच वेळाने त्याचा एक पुडा तयार झाला. नातीने तो मोजला; पाने भरली अडुसष्ट! सगळे हसले. मुलाने आणखी दोन पाने शोधून घातली, तेव्हा कोठे त्याचा पुडा रास्त ठरला.

जाता जाता त्याने भीत भीत आजीला विचारले, “आजी, तुम्हाला वाघ इथे नकोसा वाटत असेल, नाही?”

आजी क्षणभर थांबली. मग म्हणाली, “वाघ नसता तं जंगल राह्यलं असतं का, बापू? आन् जंगल नसतं तं मोह कुठला, पानं कुठली? त्याचा वाटा त्याले, आपला वाटा आपल्याले. फकत येकमेकांच्या वाटेत नाई यावं.”

आजी शाळेत गेलेली नाही. पण वनशास्त्राचा एक मोठा धडा तिने चार वाक्यांत सांगितला. तो आचरणात आणणे मात्र सांगण्याइतके सोपे नाही. वाघाला ठाऊक नसते, की आपली हद्द कोठे संपते. आणि ज्याच्या घरी बियाण्याला पैसे नाहीत, त्यालाही हद्दीपाशी थांबणे कठीण जाते. तरी काही गावे वाट शोधीत आहेत. याच जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ साली आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा गावाने तेंदूपाने तोडणेच बंद करण्याचे ठरवले. पानांसाठी झाडे छाटली, की टेंभरे धरत नाहीत. आणि विडी तर आरोग्याला घातकच. त्या गावाने बांबूच्या कामावर भर दिला. प्रत्येक गावाला हे लगेच साधेल असे नाही. पण आपला वाटा किती, हे गाव स्वतः ठरवू शकते, एवढे तरी त्यातून दिसते.

जूनमध्ये पाऊस येतो. आधी तो समुद्रकाठच्या कौलांवर वाजतो, मुंबईच्या त्या मुलाच्या खिडकीवर वाजतो आणि मग काही दिवसांनी मोहर्लीच्या अंगणात उतरतो. जुलैच्या पहिल्या तारखेपासून जंगलाचे मोठे फाटक पावसाळ्यापुरते बंद होते आणि काका शेताकडे वळतात. घरात मोहफुलांचे मडके भरलेले असते. नात नवी वही उघडते. बाईंनी पहिल्याच दिवशी निबंध सांगितलेला असतो : ‘मी सुट्टी कशी घालवली?’

ती थोडा वेळ विचार करते आणि पहिले वाक्य लिहिते : “या सुट्टीत आमच्या घरची सगळी माणसे रोज संध्याकाळी घरी परत आली.”