डुकराला कुठलं काडतूस?

मंडळी, वाडीतली पोरं हल्ली टेक्सासमधले डुकरांच्या शिकारीचे व्हिडिओ बघतात आणि मला विचारतात, "काका, असली रायफल आपल्याला मिळाली तर?" ती एआर-१५. नळी बदलली की त्याच बंदुकीत दुसरं काडतूस चालतं. पॉइंट टू-टू-थ्री हलकं पडतं, मग ३०० ब्लॅकआउट घ्या, अशा त्यांच्या चर्चा. ऐकायला मजा येते. पण सावर्डे म्हणजे टेक्सासचं माळरान नव्हे. इथे मळ्याच्या पलीकडे काजूची बाग आणि बागेपलीकडे दुसरी वाडी. रायफलची चुकलेली गोळी दोन-दोन किलोमीटर जाते हो!

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीला मुळात ठासणीचीच बंदूक धरलीय. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी बिनआट्याच्या नळीची. म्हणून आपल्याकडे दिसते ती सिंगल बॅरल बारा बोअर. हिच्यात नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, नवख्याला हे उलटंच वाटतं. चार नंबर पाखरांचा. त्याने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरतं आणि सकाळी गवताला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. डुकराला एसजी नाहीतर एलजी, तेसुद्धा तीसेक पावलांच्या आत, माळ्यावरून खाली जमिनीकडे. कातळावर नको, छर्रा उसळतो. आणि झुडूप हललं म्हणून बार काढायचा नाही. झुडपात माणूसही असतो.

त्याआधी वन विभागाची लेखी परवानगी. हातातला परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नव्हे.

आता खरं दुखणं. विधानसभेचं मतदान २०१४ ला १५ ऑक्टोबरला, २०१९ ला २१ ऑक्टोबरला. म्हणजे ऐन भातकापणीत. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात, आणि डुकरं मळ्यात! कुणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीने माणूस बघून ठरवायचं असतं, पण गावात निरोप येतो तो सगळ्यांना एकच. मग रात्री डबे बडवत बसायचं. काही जण गुपचूप फासक्या लावतात, त्यात बिबट्या अडकतो आणि सगळ्या वाडीची चौकशी होते.

शेतीच्या बंदुकांची यादी वेगळी करा, गुन्हा नसलेल्याची कापणी होईपर्यंत घरी राहू द्या, एवढं ग्रामसभेतून तहसीलदारांना लिहून देऊया. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी त्याची झेरॉक्स घेऊन या.