ठेका कुणाकडे?

1986 च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एक मजेशीर खांदेपालट झाला. 'जेनेसिस' या इंग्लिश बँडचं 'इनव्हिजिबल टच' हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. अमेरिकेत या बँडच्या गाण्याला पहिलं स्थान मिळालं ते तेवढ्या एकदाच. त्याला तिथून हटवलं 'स्लेजहॅमर'ने, आणि ते गाणं होतं पीटर गेब्रिएलचं. अकरा वर्षांपूर्वी ज्याने जेनेसिस सोडलं, तो हाच गेब्रिएल.

जेनेसिसच्या जुन्या चाहत्यांना या बँडबद्दल विचारलं, तर फाळणी ठरलेली असते. गेब्रिएल होता तोवर कला. ड्रमर फिल कॉलिन्स गायला पुढे आला आणि दुकान सुरू झालं. ब्रेट ईस्टन एलिसने 1991 च्या 'अमेरिकन सायको' कादंबरीत या फाळणीची मस्त टर उडवली आहे. त्यातला खुनी निवेदक जेनेसिसवर लांबलचक रसग्रहण करतो आणि 1980 च्या आधीचं त्यांचं संगीत आपल्याला कळलंच नाही, असं गंभीर चेहऱ्याने सांगतो. जुन्या चाहत्यांना याहून मोठा शिक्का कोणता हवा?

पण ड्रमच्या मागे बसून ऐकणाऱ्याला हा हिशेब जुळत नाही. प्रस्तुत लेखक ड्रम वाजवून पोट भरतो. त्यामुळे गायक कोण यापेक्षा ठेका कुणाच्या हातात आहे, हे त्याच्या कानाला आधी कळतं. जेनेसिसचं काय बिनसलं हे तिथूनच नीट दिसतं.

सरेमधल्या चार्टरहाउस या महागड्या निवासी शाळेतल्या मुलांनी 1967 मध्ये हा बँड सुरू केला. पीटर गेब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड, अँथनी फिलिप्स. 1970 मध्ये त्यांना ड्रमर हवा होता. चाचणी गेब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी होती. फिल कॉलिन्स वेळेआधी पोहोचला, तेव्हा त्याला सांगितलं, तोवर तलावात पोहून घे. तो पोहत राहिला आणि आधीचे उमेदवार काय वाजवताहेत ते पाण्यातून ऐकत राहिला. पाळी आली तेव्हा सगळे तुकडे त्याला पाठ होते. हा किस्सा हसण्यासाठी सांगतात, पण ड्रमरची अर्धी विद्या त्यात आहे. हात नंतर येतात, कान आधी.

त्या कानाचा पुरावा 1972 च्या 'फॉक्सट्रॉट'मध्ये सापडतो. या अल्बमवरची 'सपर्स रेडी' ही रचना सुमारे 23 मिनिटांची आहे. तिच्या शेवटाकडे 9 मात्रांचा एक भाग येतो. रदरफर्डने बास पेडलवर मोजके स्वर धरून ठेवले आहेत, बँक्सचा ऑर्गन त्या 9 च्या चौकटीत बसायला नाकारतो, चौकटीला तिरपा जातो, आणि कॉलिन्स दोघांमध्ये पूल बांधत राहतो. ऑर्गन कुठे वळेल हे त्याला ठाऊक नाही. वळल्यावर मात्र स्नेअरचा फटका नेमका तिथे पडतो. हा भाग या तिघांनी एकत्र बसून, वाजवत वाजवत काढला.

पुढच्या वर्षी 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' आला. त्यातल्या 'द सिनेमा शो'चा उत्तरार्ध 7 मात्रांत आहे. रूपक कानात मुरलेल्या आपल्या श्रोत्याला 7 चं काही नवल नाही. नवल आहे ते कॉलिन्स त्या 7 ला कसा खेळवतो याचं. बँक्सच्या सिंथेसायझरची ओळ लांबली की हाय-हॅट मोकळं होतं, ओळ तुटली की टॉमवर एक छोटा उलगडा येतो, आणि पुढची सम गाठताना कुठेही घाई नाही. या भागातही गेब्रिएल नाही, गिटारवादक स्टीव्ह हॅकेटही नाही. इथेही तेच तिघे आहेत.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. गेब्रिएल 1975 मध्ये गेला, हॅकेट 1977 मध्ये. उरले बँक्स, रदरफर्ड आणि कॉलिन्स. पुढे ज्या तिघांवर 'विकले गेले' असा आरोप झाला, ते हेच. बँडचा सगळ्यात गुंतागुंतीचा वाद्यसंगीताचा भाग ज्यांनी उभा केला, त्याच सहा हातांनी 'इनव्हिजिबल टच'ही वाजवलं. म्हणजे माणसं गेली म्हणून संगीत गेलं, हे काही खरं नाही.

मग लहान गाणी, रेडिओ, प्रेमगीतं यांचा दोष? 1978 चं 'फॉलो यू फॉलो मी' हे त्यांचं ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोहोचलेलं पहिलं गाणं. साधं, गोड, चार मिनिटांचं. जुन्या चाहत्यांच्या कपाळाला आठी पडली ती तेव्हा. पण दोनच वर्षांनी आलेलं 'टर्न इट ऑन अगेन' ऐका. तेही ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेलं. लांबी चार मिनिटांच्या आत, धून लगेच तोंडात बसणारी, आणि मुख्य ठेका 13 मात्रांचा. रदरफर्डने गिटारची ओळ आणली तेव्हा आपण 13 मोजतोय हे त्यालाच कळलं नव्हतं, ते कॉलिन्सने दाखवून दिलं, असा किस्सा बँडमध्येच सांगितला जातो. प्रेक्षक टाळ्या धरायला जातात आणि दुसऱ्याच आवर्तनात उलट्या पडतात. तरी गाणं कुठे अडखळत नाही, कारण कॉलिन्स तो जास्तीचा एक घास असा गिळतो की ऐकणाऱ्याला फक्त पुढे ओढल्यासारखं वाटतं. लोकप्रिय आणि अवघड एकाच गाण्यात नांदू शकतात, हे यापेक्षा स्वच्छ कुणी सिद्ध केलेलं नाही. त्यामुळे छोटं गाणं म्हणजे पतन, ही तक्रारही बाद.

'टर्न इट ऑन अगेन' ज्या 'ड्यूक' अल्बमवर आहे, त्यावरच बदलाचं बीजही आहे. 'डचेस' या गाण्यात जेनेसिसने पहिल्यांदा ड्रम मशीन वापरलं, रोलँडचं सीआर-78. सुरुवातीला ते एकटंच टिकटिकत राहतं. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग खरे ड्रम येतात. गाणं एका गायिकेच्या उदयास्ताचं आहे. यंत्राचा कोरडा ठेका आणि माणसाचा जिवंत ठेका यांतला फरकच तिथे गोष्ट सांगतो. यंत्र वापरावं कसं, याचा हा वस्तुपाठ.

याच सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ऐंशीच्या दशकाचा आवाज जन्माला आला, आणि गंमत म्हणजे तो गेब्रिएलच्याच तिसऱ्या एकल अल्बमसाठी. ड्रमवर कॉलिन्स, ध्वनिमुद्रणाला ह्यू पॅडम. वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून खोलीत एक माइक टांगलेला असतो. कुजबुजही ऐकू यावी म्हणून त्याचा आवाज कंप्रेसरने जबरदस्त दाबलेला असतो. तो चालू असताना कॉलिन्सने ड्रम वाजवला आणि खोलीचा सगळा घुमारा फुगून बाहेर आला. मग नॉइज गेट लावून तो घुमारा मध्येच कापला. फटका पडतो, भिंतीसारखा उभा राहतो आणि क्षणात नाहीसा होतो. गेब्रिएलने सिंबल वाजवायलाच मनाई केली होती, त्यामुळे हा परिणाम आणखी ठसठशीत झाला. 1981 मध्ये कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'ने तो जगभर पोहोचवला, आणि त्याच वर्षी पॅडम जेनेसिसच्या 'अबाकॅब'च्या ध्वनिमुद्रणाला आला.

या आवाजाचा मोह ड्रमरलाच विचारा. एक साधा फटका मारला तरी तोफ उडाल्यासारखं वाटतं. पण त्याची किंमत असते. फटक्यांच्या मधली जागा गेट बंद करून टाकतो. स्नेअरवर बोटभर उंचीवरून टाकलेले हलके फटके, हाय-हॅटची अर्धवट उघडझाप, सिंबलची विरत जाणारी शेपटी, म्हणजे 'सिनेमा शो'मध्ये जे जे बोलत होतं, ते या आवाजात ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही ते हात हळूहळू वाजवेनासे होतात.

खरा बदल मात्र कामाच्या पद्धतीत झाला. बँडने सरेमधल्या चिडिंगफोल्डजवळ स्वतःचा स्टुडिओ केला, 'द फार्म'. 1983 च्या 'जेनेसिस' अल्बमपासून घरून काही लिहून आणायचं नाही, तिघांनी एकत्र बसून वाजवत वाजवत गाणी काढायची, असं ठरलं. कागदावर ही पद्धत 1972 च्या त्या 9 मात्रांच्या भागासारखीच आहे. फरक एवढाच की आता ठेका ड्रम मशीन धरत होतं. रदरफर्ड यंत्रावर काही लावायचा, बँक्स स्वर शोधायचा, आणि कॉलिन्स मोकळा होऊन माइकवर गुणगुणायचा. म्हणजे गाणं जन्माला येताना ड्रमर ड्रमवर नव्हता. तो नंतर यायचा, ठरलेल्या आराखड्यावर.

या पद्धतीतून चांगलं काही निघालंच नाही असं नाही. 'मामा'मध्ये रदरफर्डने लिन ड्रम मशीनवर बसवलेला ठेका अक्षरशः धमकी देतो, आणि खरे ड्रम अगदी उशिरा कोसळतात. ब्रिटनमध्ये याहून वर त्यांचं एकही गाणं गेलं नाही. 'दॅट्स ऑल' तर चक्क रिंगो स्टारच्या वळणाने वाजवलेलं आहे, साधं आणि डुलणारं. पण 1986 च्या 'इनव्हिजिबल टच'पर्यंत यंत्राची सवय झाली होती.

शीर्षकगीतच घ्या. इलेक्ट्रॉनिक ड्रमचा चार मात्रांचा सरळ ठेका, ठरावीक वळणावर ठरावीक फिल, शेवटाकडे सगळं गाणं वरच्या पट्टीत सरकतं, संपलं. कारागिरी निर्दोष आहे, पण कुणी कुणाचं ऐकत नाही. ऐकायची गरजच उरलेली नाही, कारण यंत्र वळणार नाही हे तिघांना माहीत आहे. 'टुनाइट, टुनाइट, टुनाइट' अल्बमवर जवळजवळ 9 मिनिटांचं आहे. रेडिओसाठी ते निम्म्यावर आणलं, आणि मग ते मिकेलोब बिअरच्या जाहिरातीत गेलं. या अल्बममधली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचांत पोहोचली. विक्रीचा प्रश्नच नव्हता.

महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा करणाऱ्या वादकांना हे ओळखीचं वाटेल. कानात क्लिक, मागे ट्रॅक, पुढे ऑक्टोपॅड. काम सुकर होतं, गायिका बिनघोर होते, कार्यक्रम वेळेत संपतो. पण गायिकेने एखादी जागा घेऊन अंतरा जरा लांबवला, तर ट्रॅक थांबत नाही. मग ती जागा घेणंच ती सोडून देते. कुणी तिला मनाई केलेली नसते.

म्हणून 'स्लेजहॅमर' पुन्हा ऐकण्यासारखं आहे. तेही बाजारात विकायलाच केलेलं गाणं आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ड्रमवर मनू कात्शे आहे, बासवर टोनी लेव्हिन, आणि दोघं एकमेकांना रेटत, सोडत, पुन्हा पकडत वाजवतात. लोकप्रियतेच्या त्याच शिडीवर, त्याच जुलैमध्ये, एक गाणं माणसांच्या ठेक्यावर चढलं आणि यंत्राच्या सवयीने वाजवलेल्या गाण्याला ओलांडून गेलं.

जेनेसिसने पैसा कमावला याचं दुःख नाही. गेब्रिएल गेला तेव्हा बँड कर्जात होता. गुंतागुंतीचं संगीत करणाऱ्यांनी उपाशीच राहावं असा काही नियम नाही. निराशा याची आहे की 13 मात्रा लोकांच्या गळी उतरवू शकणाऱ्या ड्रमरने ठेका यंत्राला दिला, तोही कुणी मागितला नसताना.

त्यांचा शेवटचा कार्यक्रम 26 मार्च 2022 रोजी लंडनच्या ओ-टूमध्ये झाला. प्रकृतीमुळे कॉलिन्स खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. आज ज्यांना हा बँड ऐकायचा आहे, त्यांनी 'सपर्स रेडी'पासून सुरुवात करू नये आणि 'इनव्हिजिबल टच'पासून तर नकोच. 'ड्यूक' अल्बम लावावा, 'टर्न इट ऑन अगेन'मध्ये 13 मोजून पाहावेत, 'डचेस'मध्ये खरे ड्रम येण्याची वाट पाहावी. मग मागे 'सिनेमा शो'कडे जावं आणि नंतर पुढे 1986 कडे. तिथे 'डोमिनो' वगळू नका; दहा मिनिटांहून मोठ्या त्या गाण्याच्या उत्तरार्धात जुने तिघे थोडा वेळ पुन्हा भेटतात.